उभ्या गाडीची फेरी

माझ्या सासऱ्यांच्या कारखान्यात बांधलेली कुठलीही गाडी माझ्या पाठीनं पसंत केल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हाती जात नसे. हे मी फुशारकीनं सांगत नाही. फुशारकी होती, ती केव्हाच जिरली. आता कुणी मानवतच्या त्या कारखान्याचा विषय काढला की मी डोक्यावरचा पदर सारखा करायचं निमित्त करते आणि दुसरीकडं बघते.

कारखाना म्हणजे गावाबाहेरचा पत्र्याचा मोठा मांडव, लोहाराचा भाता आणि लाकडांची रास. सासरे घराण्यानं शेतकरी, पण शेतात त्यांचं मन कधी रमलं नाही. गाडीमागून चालताना लोक वैरणीकडं बघतात, ह्यांचं लक्ष चाकाकडं, असं आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, सांगायच्या. त्यांनी सुतार-लोहार हाताशी धरून आधी दमण्या बांधल्या. दमणी म्हणजे बायामाणसांनी बसून जायची छपराची हलकी बैलगाडी. पुढं आमच्या निजामी मुलखात आडगावांनाही उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारी धावायला लागल्या. मुंबईकडून नुसती चासी यायची, म्हणजे इंजिन, चाकं आणि सांगाडा. वरची लाकडी बॉडी, बाकं, छत, खिडक्या, पायरी, हे सगळं आमच्या मांडवात व्हायचं.

नवी गाडी तयार झाली की तिच्यात पहिल्यांदा घरची सून बसायची. ही रीत मामंजींनी दमण्यांच्या दिवसांत घातली होती. दुसऱ्याची लेक बसवायची तर आधी आपली सून बसवावी, असं ते म्हणायचे. सून मी एकटीच, त्यामुळं मान माझा आणि दणकेही माझेच. मांडीवर काठोकाठ भरलेला पाण्याचा तांब्या घेऊन मी बसायची, शेजारी आत्याबाई. मामंजी ड्रायव्हरजवळ बसून म्हणायचे, "हलव." मग गाडी गावाबाहेरच्या ओढ्यापर्यंत जायची, दगडगोट्यांतून पलीकडं चढायची आणि तशीच परत यायची. ह्याला आमच्याकडं फेरी म्हणत. परत आल्यावर मामंजी कुणाकडंही न बघता एकच विचारायचे, "कुठं लागलं?"

सासऱ्यांशी सुनेनं तोंड वर करून बोलायची पद्धत नव्हती. मी आत्याबाईंच्या कानात सांगायची आणि त्या मोठ्यानं त्यांना सांगायच्या, अर्थात आपल्या पदरचं घालून. वालूर माझं माहेर. मी म्हणायची, बाकाची कड मांडीला रुतते. आत्याबाई म्हणायच्या, "काय न्हाई, वालूरचं नाजूक बेणं हाय, बसायची सवय न्हाई." पण मामंजींना त्यातलं नेमकं कळायचं. लगेच रंधा यायचा आणि कड गोल व्हायची. माझी पाठ दुखली म्हणून वैद्य कधी बोलावला गेला नाही, पण मिस्त्री नेहमी बोलावला गेला.

थोरल्याच्या वेळी पोटुशी होते. नऊवारी लुगडं, वर ते पोट, आणि मोटारीची पायरी आपली घोड्याच्या रिकिबीइतकी उंच. मी दोनदा पाय उचलला आणि खाली ठेवला. मामंजींनी पाहिलं. फेरी त्या दिवशी झालीच नाही. पायरी काढून खाली घेतली, रुंद केली, आणि तेव्हापासून आमच्या मांडवातल्या प्रत्येक मोटारीची पायरी तशीच व्हायला लागली. लोक तिला 'सुनेची पायरी' म्हणायला लागले. सुनेनं आपली पायरी ओळखून राहावं असं जगभर म्हणतात, आमच्याकडं पायरीच सुनेला ओळखून राहायला लागली. ह्या गोष्टीचा मला किती अभिमान होता ते सांगून उपयोग नाही. माहेरी गेले की तेच, हळदीकुंकवाला गेले की तेच. बाया कंटाळून जात.

मग मामंजींना लकवा झाला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. कारखाना ह्यांच्याकडं आला.

हे म्हणजे माझे यजमान. ते तोवर एका जिनिंगमध्ये कारकुनी करत होते. माणूस वाईट नव्हता. मुलांवर कधी हात उचलला नाही, माझ्यावर आवाज चढवला नाही, पान-तंबाखूसुद्धा नाही. फक्त मामंजी गाडीकडं बाकावर बसून बघायचे आणि हे मांडवाच्या दारात उभं राहून बघायचे. दारातून काय दिसतं, तर लाकूड किती गेलं, लोखंड किती गेलं, माणसं किती वेळ एकाच सांध्यावर बसली. त्यात लढाईचे दिवस. लोखंड मिळेना, बोल्ट मिळेनात, पेट्रोल कुपनावर. ह्यांची झोप उडाली होती हे मी पाहिलंय. मांडवातल्या एकाही माणसाच्या घरची चूल त्यांनी विझू दिली नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे.

पण करता करता सागाच्या जागी आंब्याचं लाकूड आलं. रंग दिल्यावर सगळी लाकडं एकाच जातीची. बोल्टांच्या जागी खिळे आले. बाकांत काथ्या होता तिथं कडब्याची चिपाडं गेली. पायरी रुंद होती ती अरुंद झाली, मग हळूच वर सरकली, कारण खाली घ्यायची तर तिला दोन लोखंडी पट्ट्या जास्त लागत. प्रत्येक वेळी ह्यांचं एकच म्हणणं, "एवढ्यानं काय होतंय?" आणि खरंच, एवढ्यानं काही होत नव्हतं. सगळ्यात जुना मिस्त्री होता, तो एक दिवस हत्यारं गुंडाळून पाथरीला गेला. ह्यांना तेही बरंच वाटलं, त्याची मजुरी जास्त होती.

फेरी सरळ बंद केली असती तर मला आजच्याइतकी लाज वाटली नसती. ह्यांनी फेरी ठेवली, गाडी तेवढी थांबवली.

झालं असं की एकदा पाथरीचे गिऱ्हाईक गाडी न्यायला आले आणि त्यांनी विचारलं, "सूनबाई बसल्या का?" आमची ती रीत पंचक्रोशीत माहीत झाली होती. पेट्रोल तर नव्हतं. ह्यांनी मला बोलावून घेतलं, मांडवात उभ्या असलेल्या मोटारीत बसवलं, मांडीवर तांब्या दिला आणि नारळ फोडला. गिऱ्हाइकांना माहीत होतं सून बसते एवढंच. बसून ती कुठं जाते हे कुणी विचारलं नव्हतं. मी आपली गौरीसारखी बसले. उभ्या गाडीत पाणी सांडतंय कशाला?

मामंजींना खाटेसकट मांडवाच्या तोंडाशी आणून ठेवलं होतं. ते टक लावून बघत होते. बराच वेळ गाडी जागची हलेना, तशी त्यांची घालमेल सुरू झाली. डावा हात उचलून ते काहीतरी म्हणायला लागले. तोंड वाकडं झालेलं, शब्द फुटेना. "हल... हल..."

आत्याबाई खाटेजवळच होत्या. त्यांनी कान लावला आणि म्हणाल्या, "हळद म्हणायलेत. अगं, हळद आणा. गाडीला हळद लावायची ऱ्हायली."

लगबगीनं हळद आली. मोटारीच्या तोंडाला लावली, माझ्या कपाळाला लावली, पाथरीकरांच्याही कपाळाला लावली. मामंजी मान हलवत राहिले आणि पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिले. लोकांना वाटलं, म्हातारा तृप्त झाला. मला शब्द कळला होता. तो शब्द मी त्यांच्या तोंडून प्रत्येक फेरीला ऐकला होता, आणि गाडीत बसलेल्या मला तो कळू नये असं कसं होईल? मी गाडीतून त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. सासऱ्यांशी तोंड वर करून बोलायचं नसतं, ही पद्धत त्या दिवशी मला फार सोयीची वाटली.

पुढं प्रत्येक गाडीला हळद लागायला लागली. ती रीतच झाली. मामंजी त्याच हिवाळ्यात गेले आणि आपल्या नावावर हळदीची रीत ठेवून गेले.

माझे वडील वालूरचे. त्यांना आम्ही दादा म्हणायचो. बऱ्यापैकी शेती, गावात शब्दाला वजन. वालूरहून सेलूचं स्टेशन गाठायचं तर बैलगाडीत दिवस मोडायचा, बाळंतीण अडली तर देवाचं नाव घ्यायचं. गावानं मिळून सर्व्हिस मोटार करायची ठरवली तेव्हा पुढाकार दादांचा होता. काही लोक म्हणत होते, जालन्याहून बांधून आणू. दादा म्हणाले, "जालन्याला आपलं कोण बसलंय? मानवतला माझी लेक गाडीत बसल्याबिगर गाडी भाईर पडत न्हाई." झालं, गाव गप्प बसलं. हे सगळं मला त्यांनीच कौतुकानं सांगितलं, बॉडीचं ठरवायला आले तेव्हा, माझ्या ओसरीवर बसून, मी केलेला चहा बशीत ओतत.

मी म्हटलं, "दादा, लाकूड तुमी सोता बघून घ्या. मिस्त्र्याला इचारा, सांधे बघा."

ते हसले. "तू बसणार हायस ना? मग मी काय बघू?"

हे आतच होते, हिशेब लिहीत. सासरच्या ओसरीवर बसून नवऱ्याच्या मालाला नाव ठेवायची माझी छाती झाली नाही. पण दुपारी जेवायला वाढताना मी ह्यांना म्हटलं, "आवं, वालूरची गाडी तरी सागाची करा. आन् फेरी तरी खरी करा."

'तरी' म्हटलं मी. दोनदा म्हटलं. उभ्या गाडीत बसल्याची लाज एक वेळ मला गिळता येते, कारण मला कुणी विचारलं नव्हतं. ह्या 'तरी'ची लाज मात्र गळ्याखाली उतरत नाही. पाथरीच्या बाया पडल्या तरी चालतील, जिंतूरकडच्या पडल्या तरी चालतील, माझ्या माहेरच्या तेवढ्या पडू नयेत, असा त्याचा सरळ अर्थ होता. आणि तो अर्थ माझ्या तोंडून भाकरी वाढता वाढता निघून गेला.

हे म्हणाले, "करू की. तुझं म्हायेर मला काय परकं हाय का?"

आणि त्यांनी केलंही, त्यांच्या परीनं. दर्शनी खांब आणि दाराची चौकट सागाची घातली. जिथं नजर जाते तिथं साग, जिथं भार येतो तिथं आंबा. ह्यात त्यांना लबाडी वाटली नाही. जावयानं केलेला मान वाटला.

गाडी न्यायचा दिवस आला. दादा गावची चार माणसं घेऊन येणार होते. त्यांची आगगाडी उशिरा आली, तोवर ह्यांनी मला बसवलंही होतं. चढताना माझा गुडघा छातीला लागला. मी म्हटलं, "पायरी लय उंच हाय." हे म्हणाले, "तुझं वय व्हायलंय." मी म्हटलं, "हलवा की जरा. ओढ्यापर्यंत न्हाई तर न्हाई, निदान मांडवाच्या भाईर." हे म्हणाले, "कुपनं संपलीत. त्यांना सेलूपोतर न्यायला तेवढंच तेल हाय. एवढ्यानं काय होतंय?" मग मी तांब्या धरून बसले आणि तेवढ्यात दादा दारात.

"फेरी झाली," हे म्हणाले. ह्यांच्या भाषेत तोवर बसण्यालाच फेरी म्हणायला लागले होते, तेव्हा ते खोटं बोलले असंही म्हणता येत नाही.

दादांनी माझ्या मांडीवरचा तांब्या पाहिला. काठोकाठ भरलेला. त्यांनी तो माझ्या हातून घेतला आणि आपल्या चार माणसांना एकेक करून दाखवला. "बघा. एक थेंब सांडला न्हाई." मग मला म्हणाले, "बसलीस ना बाई नीट?" मी म्हटलं, "बसले." त्यांनी ते पाणी चाकांवर ओतलं आणि डोळे पुसले. मला त्यांच्या पायाशी पडून सांगावंसं वाटलं. मी पडले, पण नुसता नमस्कार केला.

पावसाळाभर रस्त्याचा चिखल, त्यामुळं मोटार बंदच होती. दसऱ्यानंतर सुरू झाली. दिवाळीला धाकटा भाऊ मला न्यायला आला आणि सेलूला उतरून आम्ही त्या मोटारीत बसलो. ती गाडी चालत असताना मी तिच्यात पहिल्यांदाच बसत होते.

काय सांगू. दाराला सुतळी बांधलेली. पाऊस पिऊन आंब्याच्या फळ्या फुगल्या होत्या आणि वाळून आकसल्या होत्या, खिळे सुटून वर आले होते, एका बाईचं लुगडं तिथं फाटलं. बाकाच्या फटीतून चिपाडं बाहेर आलेली. पहिल्या खळग्यातच माझं डोकं छताला लागलं. धाकटी लेक मांडीवर होती ती रडायला लागली. पण सगळ्यात वाईट म्हणजे ती पायरी. वाटेत एक म्हातारी चढायला आली, तिला खालून एकानं रेटलं आणि वरून दोघांनी पोत्यासारखी ओढली. तिची नडगी खरचटून रक्त आलं. ती बाकावर टेकून पाय चोळत म्हणाली, "मेली लेकीची पायरी."

माझ्या भावानं खिडकीबाहेर तोंड फिरवलं. तेव्हा मला उमगलं की वालूरात त्या पायरीला हे नाव पडलंय, आणि रोज कुणी ना कुणी ते घेतंय. मी पदर पुढं ओढला. शेजारची बाई मला ओळखत नव्हती. ती सांगायला लागली, "त्या मिस्त्र्याची सून हाय म्हणं, आपल्याच गावची. तिला म्हणं ह्यात बसून काय बी लागलं न्हाई. जाड कातडीची असंल." बाया हसल्या. मलाही थोडं हसावं लागलं.

वालूरच्या थांब्यावर दादा न्यायला आले होते. मी उतरत होते तोच त्या म्हातारीचा मुलगा पुढं आला. आईची नडगी बघून तो आधीच तापला होता. तो दादांना म्हणाला, "मालक, तुमी म्हणला म्हणून गाडी घेतली. बघा आता. रोज एकाचं तरी हाड मोडायची पाळी. कसली लेक बसवली व्हती तुमी?"

थांब्यावर दहापाच माणसं. दादांनी आवाज चढवला नाही. ते म्हणाले, "गाडी चांगली हाय. रस्ता वंगाळ हाय, त्याला कोण काय करंल? माझी लेक सोता बसून फेरी मारून आली. तांब्या म्या माझ्या डोळ्यानं बघितलाय." मग माझ्याकडं वळले. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. वकिलाला आपला साक्षीदार हाताशी असावा तसे ते निश्चिंत होते. "सांग गं बाई ह्येला. बसली व्हतीस का न्हाई?"

बसले होते, एवढं म्हटलं असतं तर ते खरंच होतं. दसऱ्यापासून ते गावाशी ह्याच एका शब्दावर भांडत आले असणार. तोच शब्द मी पुन्हा दिला असता तर ते आयुष्यभर भांडले असते.

मी म्हटलं, "बसले व्हते दादा. गाडी उभी व्हती."

त्यांना लगेच कळलं नाही. "उभी म्हंजे?"

"म्हंजे हलवलीच न्हाई. नुसतं बसवलं मला."

म्हातारीचा मुलगा खाली बघायला लागला. त्याला भांडण जिंकायचं होतं, हे नको होतं. दादांनी माझ्या कडेवरून धाकटीला घेतलं आणि म्हणाले, "चला. ऊन लागायलंय लेकराला." घरी त्यांनी मला अवाक्षरानंही विचारलं नाही. सणाचं सगळं झालं, ओवाळणी झाली. आई म्हणाली, ते सांजचे पारावर जातात, ह्या दिवाळीत गेले नाहीत. मला वाटलं, रागावतील, ह्यांना बोलावून घेतील, जावयाला चार शब्द सुनावतील. मी वाट बघत होते त्याची. सुनावलं असतं तर मला रडता तरी आलं असतं.

मी परत निघाले त्या सकाळी दादा आमच्या आधीच थांब्यावर गेले होते. बघते तर मोटारीच्या पायरीजवळ उभे. धोतर वर खोचलेलं, पटका नीट बांधलेला, आणि चढणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्या-कोताऱ्याला, लेकुरवाळीला हात देतायत. गुडघा वाकवून पुढं केलेला, त्यावर पाय ठेवून बाया वर चढत होत्या. ज्या माणसाच्या पुढून जाताना गावच्या बाया चपला हातात घ्यायच्या, त्याच्या मांडीवर त्या पाय ठेवत होत्या. आधी संकोचत होत्या, ते ठेवायला लावत होते. भाऊ हळूच म्हणाला, तू आलीस त्याच्या दुसऱ्या दिवसापासून हे रोज चालू आहे, सकाळी आणि सांजेला, घरात कुणाचं ऐकत नाहीत. मला वाटलं होतं, ते शेतावर जातात.

"सावकाश, माय," ते प्रत्येकीला म्हणत होते. "सावकाश. इथं धर."

माझी पाळी आली. त्यांनी माझाही हात धरला, माझ्यापुढंही गुडघा केला. मी म्हटलं, दादा, मी चढते. त्यांनी गुडघा काढला नाही. मग मी त्यांच्या मांडीवर पाय दिला आणि वर चढले. मला ते काही म्हणाले नाहीत. मागं एक आजीबाई उभी होती, तिच्याकडं वळून म्हणाले, "ये माय. सावकाश."